दोन विहिरींच्या मधलं पाणी

माझ्या नोकरीतला बहुतेक काळ मी कधीही न पाहिलेल्या पाण्याचं चित्र काढण्यात गेला. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग "म्हणजे तुम्ही चित्रकार होतात का?" असं विचारतो. चित्रकार नव्हते. सोलापुरात सात रस्त्याजवळ एका जुन्या बंगल्यात विहिरींचं पाणी मोजणारं एक सरकारी ऑफिस होतं, तिथं मी ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवणारी, म्हणून लागले. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती आणि जमिनीखाली किती पाणी उरलंय हे सरकारला एकदम जाणून घ्यावंसं वाटू लागलं होतं. पगार बेताचा होता, पंखा एकच होता, पण टेबल एवढं मोठं होतं की त्यावर अख्खा माढा तालुका निजवता येई.

आधी काम सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आम्ही जिल्ह्यातल्या शंभरावर विहिरी निवडल्या होत्या, प्रत्येकीला नंबर दिला होता. दर महिन्याला निरीक्षक सायकलवरून जायचे, विहिरीत टेप सोडायचे आणि काठापासून पाणी किती खाली आहे ते वहीत लिहून आणायचे. काठाची समुद्रसपाटीपासूनची उंची आम्हाला माहीत असे. तिच्यातून तेवढे फूट वजा केले की पाण्याची उंची मिळे. कागदोपत्री मीटर आले होते, पण विहिरी आणि निरीक्षक दोघंही अजून फुटातच बोलत, म्हणून मीही फुटातच लिहिते आहे. नकाशावर शंभर ठिपके, आणि ठिपक्यापाशी पाणी कुठं आहे ते पक्कं ठाऊक. दोन ठिपक्यांच्या मधे मात्र तीन-चार मैल रान, आणि तिथलं पाणी कुणी पाहिलेलं नाही. ते मधलं भरायचं काम माझं होतं.

त्यासाठी माझ्याकडे एक पट्टी होती. चांगली दोन हात लांब, करंगळीपेक्षा बारीक, लाकडाची, आणि हवी तशी वाकणारी. स्टॉकच्या रजिस्टरात तिचं नाव 'स्प्लाइन' असं होतं, आम्ही नुसतं पट्टी म्हणत असू. तिच्यासोबत शिशाची दहा-बारा वजनं असत, पुढं वाकडं नाक असलेली. त्यांना ऑफिसात उंदीर म्हणत. एका ओळीतल्या विहिरींचे ठिपके पाण्याच्या उंचीप्रमाणे वर-खाली मांडायचे, त्यांच्यावरून पट्टी न्यायची आणि दर ठिपक्यापाशी एकेक उंदीर तिच्यावर नाक टेकून बसवायचा. ठिपक्यापाशी पट्टी उंदराचं ऐकते. मधल्या जागेत ती आपल्या मनानं वळते, आणि तिच्या अंगाला सगळ्यांत कमी पीळ पडेल अशीच वळते. त्या वळणाला लागून पेन्सिल फिरवायची. मी लागले तेव्हा जुन्या ड्राफ्ट्समननी मला एवढंच शिकवलं होतं की पट्टीवर जबरदस्ती करू नका, ती बरोबर जाते.

एका ओळीतल्या विहिरींचं हे सोपं होतं, पण जमीन काही एका ओळीत नसते. पाण्याची उंची पूर्व-पश्चिम बदलते तशी दक्षिणोत्तरही बदलते. म्हणून मी आधी उभ्या रेघा काढी, मग त्यांना छेदणाऱ्या आडव्या. जिथं दोन रेघा भेटत तिथं दोघींनी पाण्याची एकच उंची सांगायला हवी. त्या कधीही सांगत नसत. उभी म्हणे पंधराशे दहा फूट, आडवी म्हणे पंधराशे बारा. मग हिचा एक फूट वाढव, तिचा एक कमी कर, असं करत दोन जावांमधे समेट घडवावा तसा माझा सगळा आठवडा जाई. सगळ्या गाठी जुळल्या की त्या जाळीवरून सारख्या उंचीच्या रेघा ओढायच्या, की झालं पाण्याचं चित्र. मी तेव्हा एका तेलुगू विणकर कुटुंबाच्या घरात भाड्यानं राहत होते. माझ्या घरमालकिणीला एकदा हे उभं-आडवं समजावून सांगितलं, तर सुताची कांडी भरायचं न थांबवता ती म्हणाली, "मग तू बी आमचंच काम करती की."

त्याच्यावर आणखी महिने. चैत्रातलं पाणी वेगळं, भाद्रपदातलं वेगळं. दर महिन्याचा एक नकाशा, असे वर्षाचे बारा. दुपारी डबा खाऊन झाला की ऑफिस पेंगत असे. मग मी ते बारा ट्रेसिंग एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरी आणि एकेक कागद हळूहळू काढून घेई. उन्हात त्या रेघा सरकताना दिसत. पावसाळ्यात पाणी वर येई, फुगे, मग पौषापासून खाली बसू लागे, निजलेल्या माणसाच्या छातीसारखं. बाहेर सात रस्त्यावर रिक्षा, टांगे, सायकलींच्या घंट्या चाललेल्या असत. मला मात्र त्यांच्या खाली पन्नास फुटांवर भीमेकडं उतरत चाललेलं गार, काळं पाणी दिसे. संध्याकाळी घरी चालत जातानाही मी त्याच्यावरूनच चालत असे. त्या दिवसांत मी सुखात होते, हे सांगायला आता लाज कसली?

निरीक्षकांबद्दल सांगायला हवं. त्यांच्या कामात लबाडीला भरपूर वाव असतो. विहिरीवर त्यांच्यासोबत कुणी नसतं. एक गृहस्थ टेंभुर्णीच्या स्टँडवर चहा पीत बसायचे आणि मागच्या महिन्याच्या आकड्यांत थोडे थोडे फूट मिळवून वही भरायचे. ते मी पकडले, तेही टेबलावरून न उठता. त्यांच्या सात विहिरींवर मी पट्टी ठेवली, आणि ती एकाही उंदराशिवाय जाऊन बसली. खरं पाणी एवढं शहाण्यासारखं वागत नाही. त्यात एखादी विहीर आडमुठी निघतेच. मी साहेबांना दाखवलं, चौकशी झाली आणि ते गृहस्थ कबूल झाले. साहेब नागपूरकडचे, भूगर्भशास्त्र शिकून आलेले, मोजकं बोलणारे. ते म्हणाले, "बाई, तुमची पट्टी माणसंही ओळखते." मला हे ऐकून आभाळ ठेंगणं झालं, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

त्या गृहस्थांच्या जागी बिराजदार आले. अक्कलकोटच्या बाजूचे, घरी कानडी बोलणारे. उंच, सावळे, सायकलच्या दांडीला खडूची पिशवी बांधलेली. टेपचं खालचं टोक खडूनं पांढरं करायचं, टेप पाण्यात सोडायची, वर ओढायची आणि खडू कुठपर्यंत भिजलाय ते बघायचं, अशी मोजण्याची रीत होती. बाकीचे खडू फासल्यासारखा फासत. बिराजदार बसून, मांडीवर टेप ठेवून, निगुतीनं लावत. मोजताना ते ओठातल्या ओठात कानडीत मोजत. ऑफिसात त्यावरून त्यांची थट्टा होई आणि ते स्वतःही हसत.

आमच्या विहिरी कशा निवडल्या होत्या तेही सांगते. त्या सडकेच्या कडेनं निवडल्या होत्या, कारण सायकल सडकेवरून चालते. म्हणजे आमच्या नकाशातलं पाणी सडकेपाशी खरं आणि आत जावं तसं माझ्या मनचं होतं. ही गोष्ट सगळ्यांना दिसत होती आणि बोलत कुणी नव्हतं. बिराजदार पहिल्याच महिन्यात माझ्या टेबलापाशी आले आणि माढा तालुक्यातल्या एका जागेवर त्यांनी बोट ठेवलं.

"बाई, हितं लई मोकळं हाय की."

"तिथं आपली विहीर नाही."

"एक हीर हाय माज्या वळखीची. सडकंवरनं दोन मैल आत. घ्यायची का? मी जातो."

अशी ती विहीर यादीत आली. तिला नंबर मिळाला त्रेचाळीस. टेंभुर्णीच्या अलीकडच्या एका वाडीची ती विहीर. वाडीचं नाव लिहीत नाही, नुसती वाडी म्हणते. वाडीत पिण्याच्या पाण्याची विहीर नव्हती. बायका उन्हाळ्यात दीड मैलावरून पाणी आणत, आणि सरकारच्या योजनेतून तिथं नवी विहीर पाडायची ठरत होती. जागा आमच्या नकाशावरून निघणार होती. त्रेचाळीस नंबर वस्तीपासून बरीच लांब, वरच्या अंगाला, कोंडाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या रानात होती.

वैशाखात बिराजदारांची वही आली. आजूबाजूच्या विहिरींत पाणी पस्तीस ते चाळीस फुटांवर, आणि त्रेचाळीसमधे अकरा फूट चार इंचांवर.

"बिराजदार, ही पुन्हा मोजा," मी म्हटलं.

"मोजतो की."

दहा दिवसांनी ते वही घेऊन आले. अकरा फूट चार इंच.

"दहा दिवसांत इंचाचाही फरक नाही? वैशाखात?"

"न्हाय पडला."

"गेला होतात ना?"

त्यांनी वही माझ्यापुढं सरकवली. मग म्हणाले, "गेलतो बाई. पाणी तितंच हाय, मी काय करू?"

मी पट्टी घेतली. त्रेचाळीसच्या ठिपक्यावर उंदीर ठेवला तर पट्टी अशी वाकली की तिच्यातून बारीक करकर ऐकू आली. दोन्ही बाजूंच्या विहिरींवरचे उंदीर सरकून बाजूला झाले. पट्टी एकच होती, दुसरी पुण्याहून यायला सहा महिने लागत. आणि मला ते चहा पिणारे गृहस्थ आठवले. सारखा आकडा दुसऱ्यांदा तसाच उतरून काढणं किती सोपं. मी त्रेचाळीसवरचा उंदीर उचलला. पट्टीनं सुटल्यासारखं अंग सोडलं आणि एक सुरेख, उताराची रेघ तिथून निघून गेली. इतकी देखणी रेघ त्या वर्षात मी काढली नव्हती, आणि ती बघून मला बरं वाटलं.

आमच्याकडे पेन्सिलचा कागद खाली असतो आणि त्यावर ट्रेसिंग क्लॉथ ताणून शाईनं गिरवायचं असतं. शाईत जेवढं येतं तेवढंच छापात उतरतं. पेन्सिलीच्या कागदावर मी त्रेचाळीससमोर एक छोटं प्रश्नचिन्ह केलं. शाईत ते आलं नाही, ठिपकाही आला नाही. रजिस्टरात मोजून आणलेल्या आकड्याला वाचन म्हणत, आणि तिथं मात्र नियमाप्रमाणे शेरा लिहावा लागे, तो मी लिहिला, 'वाचन संशयास्पद.' दोन शब्द. त्यावर आठवड्यात बिराजदारांना खुलासा विचारला गेला, त्यांनी "मी दोन्ही वेळा गेलो होतो" एवढंच लिहून दिलं, त्रेचाळीस मोजणं बंद झालं आणि त्यांची नेमणूक आवक-जावकच्या टेबलावर झाली. सायकलवर जिल्हा हिंडणारा माणूस पाकिटांना तिकिटं चिकटवू लागला. माझ्या टेबलावरून ते समोरच दिसत. ते मला रोज नमस्कार करत, आणि त्यांनी तो टाळला असता तर माझं सोपं झालं असतं.

कार्तिकात साहेब वाडीला निघाले, मला म्हणाले, "नकाशा तुमचा आहे, तुम्हीही चला." तोवर मी कागदावर एवढं पाणी काढलं होतं, पण त्यावरचं रान एकदाही पाहिलं नव्हतं. वाडीची माणसं मारुतीच्या पारापाशी जमली होती. नवी विहीर वस्तीजवळ, खालच्या अंगाला घ्यायची, तिथं अडतीस फुटांवर पाणी लागेल, असं आमचं म्हणणं होतं. लोकांना नकाशा समजेना. तेव्हा साहेबांनी तुरीच्या काठ्या मागवल्या, त्या कमी-जास्त उंचीवर जमिनीत रोवल्या आणि वरून एक धुतलेलं धोतर पसरलं.

"काठी म्हणजे विहीर," ते म्हणाले. "काठीचं टोक म्हणजे तिच्यातलं पाणी. आणि हे धोतर म्हणजे तुमच्या जमिनीखालचं सगळं पाणी. असं आहे ते."

माणसं वाकून बघू लागली. मीही हरखून बघत होते. माझे सगळे कागद एका धोतरात आले होते, आणि सकाळच्या वाऱ्यानं ते हलकं हलकं वर-खाली होत होतं. खिडकीवर दिसायचं ते पाणी हेच. तेवढ्यात मागून एक म्हातारी पुढं आली. हातात विळा, पदर कानामागं खोचलेला. याच कोंडाबाई.

"ह्यात आमची हीर कुटं हाय?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ती यात घेतली नाही, आजी. तिचा आकडा जुळत नव्हता."

"कुनाशी?"

"आजूबाजूच्या विहिरींशी."

कोंडाबाईंनी दोन काठ्यांच्या मधे धोतरावर बोट ठेवून दाबलं. ते खाली गेलं. "काठी हाय तितं ठीक हाय, लेकी. मदी नुसतं धोतार हाय की."

लोक हसले, साहेबही हसले. कोंडाबाई हसल्या नाहीत. त्या मला म्हणाल्या, "आन तो कुटं हाय, सायकलवाला? दोनदा आलता, पांढरी दोरी सोडायला. दोनी खेपंला दोरीकडं बगून हन्नोंदु, हन्नोंदु म्हनत हुता. मला वाटलं देवाचं नाव घेतुया. मग त्यानं बोटं मोजून दावली, अकरा म्हनून."

माढ्याच्या त्या वाडीत कानडी कुणाला येत नव्हतं. हा शब्द त्या बाईला कळायचा तर एकच वाट होती, की बिराजदार तिच्या काठावर उभे राहून तो म्हणाले असतील, आणि दोनदा. मला हे तिथल्या तिथं कळलं.  साहेब दुसऱ्याशी बोलू लागले होते. मी नकाशाची गुंडाळी करू लागले.

परतताना जीपमधे मी मागं बसले होते. मोडनिंबला सांगू असं ठरवलं. मोडनिंब गेलं. मोहोळला साहेब चहाला उतरतील तेव्हा सांगू. साहेब उतरले, चहा झाला, त्यांनी मला ऊस किती उभा आहे ते दाखवलं, आणि मी ऊस बघितला. माझी नोकरी कायम व्हायचा कागद त्याच महिन्यात पुढं गेला होता, ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा लाज मोठी होती. माणसं ओळखणारी पट्टी माझी होती ना. सात रस्ता आला, मी "येते साहेब" म्हटलं आणि उतरले.

वाडीनं विहीर खणायला घेतली. हातानंच काम, गडी खाली आणि बायका टोपल्यांच्या रांगेत. कुठवर आलं त्याचा कागद दर पंधरा दिवसांनी आवक-जावकच्या टेबलावर येई आणि बिराजदारच तो माझ्याकडे आणून देत. वीस फूट, कोरडं. तीस. अडतीस झाले, कोरडं. मी रोज मनात म्हणे, आता ओल लागेल. खिडकीवर कागद धरायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं. दुपारी डोळा लागला की त्या बायका टोपल्या घेऊन माझ्याच रेघेवरून खाली खाली उतरत जाताना दिसत, आणि रेघेखाली काहीच नसे. माघात कागद आला, पंचावन्न फूट, काळा कठीण दगड, पाणी नाही. तो ठेवून बिराजदार वळले, तेव्हा मी त्यांना थांबवलं.

"बिराजदार, टेपला खडू कसा लावायचा, मला दाखवता का?"

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. कपाटातून टेप काढली, माझ्या टेबलाशेजारी खाली बसले आणि मांडीवर टेप घेतली. "वरनं खाली लावायचा, खालनं वर न्हाय. आन दाबायचा न्हाय, नुसता फिरवायचा. टेप सोडताना काटाला घासू द्यू नका, खडू पडतो."

रविवारी सकाळच्या एस.टी.नं मी गेले, सडकेवर उतरून दोन मैल चालले. वाटेत एका वावरात काळ्या गोल धोंड्यांची एक ओळ लागली, लांबवर गेलेली. कोंडाबाई रानातच होत्या. मी काठावर बसले, मांडीवर टेप ठेवून खडू लावला आणि टेप सोडली. विहिरीत पाणी जवळच दिसत होतं, आभाळासकट. आयुष्यात मी खरं मोजलेलं पाणी ते पहिलं. टेप वर ओढली. कोंडाबाई शेजारी वाकून बघत होत्या.

"हन्नोंदु?" त्यांनी विचारलं.

"हन्नोंदु," मी म्हटलं. अकरा फूट तीन इंच होतं. बिराजदारांच्या आकड्याहून एक इंच वर.

मग मला रडू आलं. कोंडाबाईंना वाटलं मला ऊन लागलं, म्हणून त्यांनी त्याच विहिरीचं पाणी काढून मला पाजलं. मी त्यांना त्या काळ्या धोंड्यांबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "ती वळ जुनीच हाय. तितं नांगर लागत न्हाय. पार खालतोर दगड हाय, म्हनत्यात. वरल्या अंगाला वल, खालच्या अंगाला कोरडं. हे सगळ्यांस्नी ठाव हाय की."

सोमवारी मी साहेबांना लिहून दिलं. त्रेचाळीस नंबरचं वाचन दोन्ही वेळा बरोबर होतं, ते मी कारणाशिवाय गाळलं, आणि चूक कळल्यावरही तीन महिने गप्प राहिले. साहेबांनी कागद दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः हातोडा घेऊन वाडीला गेले. जमिनीत भिंतीसारखा उभा घुसलेला तो काळा दगड होता, त्याला ते डाइक म्हणाले. वरच्या अंगाचं पाणी त्याला अडून साठलं होतं, जास्त झालेलं त्याच्या माथ्यावरून निघून जाई, म्हणून पातळी हलत नव्हती. आणि आम्ही वाडीला भिंतीच्या कोरड्या बाजूला पंचावन्न फूट खणायला लावलं होतं. नवी जागा कोंडाबाईंच्या रानालगत ठरली, ती त्यांनीच दिली. बारा फुटांवर ओल लागली. पण त्या पंचावन्न फुटांच्या टोपल्या वाडीतल्या बायकांनी वाहिल्या त्या वाहिल्याच. माझं कायम होणं वर्षभर लांबलं, आणि ते ठीकच झालं.

नवा नकाशा मी काढायला घेतला. सगळे उंदीर जागेवर बसवले, शेवटचा त्रेचाळीसवर ठेवला आणि पट्टी दाबली. ती मोडली, मधोमध. लागल्यापासून माझ्या हातातली ती पट्टी होती, पण मला वाईट वाटलं नाही. मग मी एका तुकड्यानं भिंतीच्या अलीकडची रेघ काढली आणि दुसऱ्यानं पलीकडची, आणि मधे कागद कोरा सोडला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक नकाशात विहिरीचा ठिपका शाईत ठसठशीत असे, आणि जिथं कुणी टेप सोडलेली नाही तिथली रेघ तुटक. नव्या साहेबांना ते दिसायला बरं वाटत नसे. आता हे काम कंप्युटर करतो. एका तरुण अधिकाऱ्यानं मला पडद्यावर दाखवलं, चारी बाजूंनी फिरवून. पट्टीचंच नाव तिथंही आहे, स्प्लाइन. मी विचारलं, "यात उंदीर उचलला तर कळतं का?" तो समजुतीनं हसला.

बिराजदार पुन्हा सायकलवर गेले. पहिल्या महिन्याची वही घेऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले तेव्हा मी म्हटलं, "बिराजदार, माझं चुकलं."

त्यांनी वही टेबलावर ठेवली, त्रेचाळीसचं पान उघडलं. मग म्हणाले, "आकडा चुकतो बाई, त्येचं काय न्हाय. हिरीकडं बगायचं सोडून तुमी माज्याकडं बगितलंसा, तेवडं लागलं."

त्यानंतर आम्ही सतरा वर्षं एकत्र काम केलं आणि ते यावर पुन्हा बोलले नाहीत. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दुपारी अजून माझा डोळा लागतो, आणि मी त्या पाण्यावरून चालत असते. उतार ओळखीचा, पाय गार पडलेले, वरून रिक्षांचा आवाज येतो आहे. वाडीपाशी त्या काळ्या दगडावर आलं की पाण्यात एक पायरी लागते. तिथं मी थांबते. वर काठावर कुणीतरी खडू लावलेली टेप सोडत असतं आणि हळू आवाजात मोजत असतं. मी वर बघत नाही. टेप पाण्याला टेकते तिथं बघते, आणि ऐकू येईल तो आकडा शाईनं लिहून घेते.